मदत हवी आहे: एंग्लुंड गॅम्बिटचा सापळा मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शनिवारी शाळा सुटली की तासभर बुद्धिबळ घेते. सहा पट आहेत, बारा-चौदा मुलं थांबतात. कॉलेजात असताना मी खेळायचे, पण ओपनिंगचा अभ्यास असा कधी केला नाही. मोहरी बाहेर काढा, पटाचा मध्य धरा, लवकर किल्लेकोट करा (राजा हत्तीच्या आडोशाला न्या), एवढ्या शिदोरीवर आमचं छान चाललं होतं.

दिवाळीनंतर सहावीतल्या एका मुलाने मोबाईलवर व्हिडिओ पाहून एंग्लुंड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन केलेली खेळी) हा डाव उचलला आणि तेव्हापासून आमच्या वर्गात दुसरं काही चालतच नाही. पांढऱ्याने डी४ केलं की हा लगेच ई५ करून प्यादं देऊन टाकतो. पुढचा डाव दर वेळी असाच होतो (अक्षर आणि आकडा म्हणजे पटावरचं घर, × म्हणजे मारणं, नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल; प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल):

१. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह ५. उंट डी२ वजीर×बी२ ६. उंट सी३ उंट बी४ ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१ मात.

आठ चालींत मात! पाचवीतली एक मुलगी याच डावावर तीनदा हरली. ती फार मन लावून खेळते. तिसऱ्यांदा हरल्यावर तिने पट नीट आवरून ठेवला आणि काही न बोलता घरी गेली. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

चौदा वर्षांखालील तालुका स्पर्धा तोंडावर आली आहे. माझे दोन प्रश्न आहेत. पांढऱ्याचं नेमकं चुकतं कुठे आणि बरोबर काय खेळायचं? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो: मी त्या मुलाला म्हटलं की ही सुरुवात चुकीची आहे, तर तो म्हणाला, "बाई, चुकीची आहे तर मी जिंकतो कसा?" त्याला काय उत्तर देऊ?

प्रतिसाद १

मॅडम, चूक सहाव्या चालीत आहे, पण ती चूक वाटत नाही हीच त्या सापळ्याची ताकद. मुलीने उंट सी३ का खेळला असेल बघा. वजीर बी२ वर आलाय, कोपऱ्यातला हत्ती मारायला टपलाय. उंट सी३ ने हत्ती झाकला जातो आणि उलट वजिरावरच हल्ला होतो. कुठलंही हुशार मूल हेच खेळेल. पण त्या घरात गेलेला उंट स्वतःच्या राजासमोर, ई१ कडे जाणाऱ्या तिरप्या रेषेत उभा राहतो. काळ्याचा उंट बी४ वर आला की पांढऱ्याचा उंट जागीच बांधला जातो (हलला तर राजाला शह बसतो) आणि बी२ वरच्या वजिराला मारू शकत नाही.

बरोबर चाल आहे ६. घोडा सी३. पटावर मांडून मुलांना विचारा, "आता ए१ चा हत्ती कोण राखतंय?" घोडा बी१ वरून उठला की पहिली ओळ मोकळी होते आणि डी१ वरचा पांढरा वजीर थेट ए१ पर्यंत पाहतो. काळ्याने हत्ती मारला तर त्याचा वजीर जातो. एवढं एक मुलांना दिसलं की अर्धं काम झालं.

पुढे (आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) ६...उंट बी४ ७. हत्ती बी१ वजीर ए३, आणि आता ८. घोडा डी५! हा घोडा बी४ च्या उंटावर आहे आणि सी७ वर शह देऊन ए८ चा हत्ती उचलायची धमकी देतोय. ८...उंट×डी२ शह ९. वजीर×डी२ वजीर×ए२ १०. हत्ती डी१. सी७ वाचवायला काळ्याला राजा डी८ वर आणावा लागतो, किल्लेकोट कायमचा गेला. मग ११. घोडा जी५ घोडा एच६ १२. ई६! इथे पांढऱ्याचं एक प्यादं कमी आहे, हे मुलांपासून लपवू नका. पण काळ्याचा वजीर ए२ वर एकटा भटकतोय, सी८ चा उंट आणि दोन्ही हत्ती अजून घरीच आहेत आणि राजा मधोमध उघड्यावर आहे.

ई६ चं प्यादं काळ्याने डी-प्याद्याने मारलं तर काय होतं, ते मुद्दाम लिहीत नाही. मुलांना शोधू द्या.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे, पण पाचवीतल्या मुलीला बारा चाली पाठ करायला लावू नका. स्पर्धेत समोरच्याने एक चाल वेगळी केली की पाठ केलेलं मूल गडबडतं. त्यातून हात लावला ती मोहरी खेळायचीच, हा नियम. घाईत बोट उंटावर गेलं की संपलं.

तिला चौथ्याच चालीला वेगळं वळायला सांगा: ४. घोडा सी३. आता वजीर बी४ वर आला तरी शहच लागत नाही, मध्ये घोडा उभा आहे. एफ४ वर उंटही नाही, म्हणजे दुहेरी हल्ला करायला काही उरलं नाही. काळा ई५ चं प्यादं परत मारेल, मारू दे. पांढऱ्याने ५. ई४ करावं आणि आपली मोहरी काढत राहावं. फुकटचं प्यादं परत गेलं, पण काळ्याचा वजीर ई७ वर स्वतःच्याच उंटाची वाट अडवून बसलाय.

मी लहान मुलांना हेच शिकवतो. सापळ्याच्या तोंडाशी जाऊन बरोबर चाल आठवण्यापेक्षा त्या वाटेलाच न गेलेलं बरं.

प्रतिसाद ३

मला थोडं वेगळं वाटतं. ती तीनदा हरली आहे ना? मग तिला तीच वाट बरोबर चालून दाखवायची संधी मिळायला हवी. बाजूने निघून गेली तर मनातली भीती तशीच राहील. स्पर्धेसाठी ४. घोडा सी३ ठीक, पण वर्गात एकदा तरी तिला बी२ चं प्यादं मारू द्यायला सांगा.

आता त्या मुलाबद्दल. कृपया त्याला बंदी घालू नका. त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की तो जिंकतो कारण समोरचा सहाव्या चालीला चुकतो. त्याला काळ्याकडून नाही, पांढऱ्याकडून बसवा आणि विचारा, "तू इथे काय खेळशील?" ज्याने सापळा लावलाय त्यालाच तो मोडायला लावला की सुरुवातीची किंमत त्याची त्याला कळते. स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लुंडचं (१८७१–१९३३) नाव या गॅम्बिटला आहे, म्हणजे हा काही मोबाईलवर जन्मलेला डाव नाही. आधीच्या पिढ्यांनीही तो खेळून पाहिलाय. पण वरच्या दर्जाच्या लांब डावांत हा क्वचितच दिसतो, कारण तिथे समोरचा उंट सी३ खेळत नाही.

एक मात्र सांभाळा. "विचित्र सुरुवात म्हणजे चुकीची" असं त्याच्या मनात बसू देऊ नका. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे इंग्लंडच्या टोनी माइल्सने तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्हच्या ई४ ला ए६ असं उत्तर दिलं आणि डाव जिंकला. फरक असा की ए६ मध्ये काही गमावलं जात नाही, फक्त एक चाल मागे पडते. एंग्लुंडमध्ये पहिल्याच चालीला प्यादं जातं आणि तिसऱ्या चालीला वजीर बाहेर येतो. हा फरक सहावीतल्या मुलाला नक्की समजेल.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद २ मधलं "शहच लागत नाही" हे वाचून मी घरचा पट काढला आणि स्वतः मांडून पाहिलं. इतके दिवस मी मुलांना "वजीर लवकर बाहेर काढू नका" म्हणत होते, पण का, ते दाखवू शकत नव्हते.

एक शंका. काही मुलं २...डी६ करून दुसरं प्यादंही देतात. तेव्हा मारायचं की नाही?

प्रतिसाद १

खुशाल मारा. ३. ई×डी६ उंट×डी६ ४. घोडा एफ३, मग शांतपणे मोहरी काढा आणि किल्लेकोट करा. एक प्यादं जास्त आहे, आणखी लोभ नको. मारायचं नसेल तर ३. घोडा एफ३ सुद्धा चांगलं.

धागाकर्ती

कालच्या शनिवारचं सांगायला आले आहे.

आधी त्या मुलाला पांढऱ्याकडून बसवलं, काळ्याकडून मी. सहाव्या चालीला त्याचा हात उंटाकडे गेला आणि पटाच्या वरच थांबला. मी घड्याळ लावलं नव्हतं. चार-पाच मिनिटांनी म्हणाला, "बाई, उंट नको. घोडा काढला की वजीर हत्तीला बघतो." मी काही सांगितलं नव्हतं.

मग त्याला काळ्याकडून आणि त्या मुलीला पांढऱ्याकडून बसवलं. बाकीची मुलं भोवती उभी. तिने घोडा सी३ केला, हत्ती बी१ केला, घोडा डी५ केला. त्याने ए२ चं प्यादं मारलं, तिने हत्ती डी१ वर आणला, त्याने राजा डी८ वर घेतला. इथे घोडा जी५ करायचं ती विसरली आणि एकदम ई६ पुढे ढकललं. त्याने डी-प्याद्याने मारलं.

ती पटावर वाकून बसली. बराच वेळ. मग डी५ चा घोडा उचलून सी३ वर मागे नेला आणि हळूच म्हणाली, "शह." कुणालाच दिसेना की शह कशाचा. तिने बोट डी२ च्या वजिरावरून सरळ डी८ पर्यंत फिरवलं. सगळी रांग मोकळी झाली होती. आणि सी३ वरचा घोडा ए२ च्या वजिरावर होता.

त्याची चाल शह वाचवण्यातच गेली आणि पुढच्या चालीला वजीर गेला. त्याने हात पुढे केला. पट आवरताना तिलाच विचारत होता, "एफच्या प्याद्याने मारलं असतं तर काय केलं असतंस?" ती म्हणाली, "माहीत नाही. परत लाव ना."

शाळेची किल्ली माझ्याकडेच असते. आम्ही आणखी तासभर थांबलो.