1971चा भारत-सोव्हिएत करार वास्तववादाच्या कोणत्या चौकटीत बसतो?

चौकस_एमए: परीक्षेत वास्तववादाच्या (देश सत्ता आणि सुरक्षेच्या हिशोबाने वागतात, हा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा सिद्धांत) उत्तरात 9 ऑगस्ट 1971च्या कराराचं उदाहरण द्यायचं आहे. पण भारताच्या अलिप्ततेचा आदर करू, असं करारातच लिहिलंय. मग याला सत्तासंतुलन (बलाढ्य देशाला तोलायला दुसऱ्याशी हातमिळवणी) म्हणता येईल का? आणि वास्तववादी अभ्यासकांपैकी आधार मॉर्गेन्थाऊचा घ्यायचा की वॉल्ट्झचा?

कलमबहाद्दर: अलिप्ततेचं चौथं कलम वाचलंत, तसं नववंही वाचा. खरा जीव तिथे आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांपैकी एकाशी लढणाऱ्या तिसऱ्या देशाला दुसऱ्याने मदत करायची नाही. हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला तर लगेच सल्लामसलत करायची. सैन्य पाठवण्याची हमी कुठेही नाही. त्यामुळे संतुलन म्हणा, ‘लष्करी युती’ म्हणू नका. बहुतेकांचे गुण इथेच जातात. जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले, हा संदर्भ हवाच.

उत्तरध्रुव: संदर्भ हवा, पण ‘किसिंजर गेले म्हणून करार झाला’ असं नको. मसुद्यावर बोलणी 1969पासून चालू होती. त्या भेटीने घाई केली, इतकंच.

आता चौकट. वॉल्ट्झच्या 1979च्या पुस्तकावर एकट्याने भिस्त ठेवू नका. एकूण व्यवस्थेत संतुलन का घडत राहतं ते तो सांगतो; अमुक देशाने अमुक साली काय केलं, हे सांगायचा त्याचा दावाच नाही. इथे स्टीफन वॉल्ट (वॉल्ट्झ नव्हे; याचं पुस्तक 1987चं) कामाला येतो. त्याच्या मते देश नुसत्या बळाविरुद्ध नाही, धोक्याविरुद्ध एकत्र येतात. धोका मोजायचा चार गोष्टींवर: एकूण ताकद, भौगोलिक जवळीक, चढाईची क्षमता आणि हेतू. सोव्हिएत संघ चीनपेक्षा कितीतरी बलाढ्य होता. नुसतं बळच पाहायचं तर दिल्लीने मॉस्कोचीच धास्ती घ्यायला हवी होती. पण 1962 नंतर हेतूचा संशय बीजिंगवर होता, शिवाय सीमा लागून. उदाहरणाचं वजन या मुद्द्यात आहे, तो दोन ओळींत उरकू नका.

चौकस_एमए: म्हणजे मॉर्गेन्थाऊ गाळू?

उत्तरध्रुव: गाळू नका, प्रस्तावनेत ठेवा. तत्त्वांशी बांधून घेतलेल्या सरकारनेही राष्ट्रहित सत्तेच्या मापाने तोललं, एवढ्यापुरता तो पुरे.

कलमबहाद्दर: आणि ‘वास्तववाद म्हणजे युद्धखोरी’ हे वाक्य लिहिलं असेल तर आधी खोडा. मॉर्गेन्थाऊने व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला होता. सप्टेंबर 2002मध्ये इराक युद्धाविरोधात अमेरिकेतल्या 33 अभ्यासकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात दिली, त्यांत वॉल्ट्झ, वॉल्ट आणि मिअरशायमर हे तिघे वास्तववादीही होते.