‘प्रासादिक’ : शैलीचा गुण की कवितेचा उगम?

‘अमुक लेखकाची भाषा प्रासादिक आहे’ असे आपण लिहितो, तेव्हा ती ओघवती, प्रसन्न आणि वाचताक्षणी कळणारी आहे, एवढेच बहुधा आपल्याला सांगायचे असते. हा अर्थ रूढ आहे आणि तो चुकीचा नाही. मात्र तोच अर्थ मनात धरून सतराव्या शतकातले मराठी वाचू लागलो, तर त्या काळच्या कवींनी काव्यनिर्मितीविषयी केलेला एक महत्त्वाचा विचार नजरेतून निसटतो.

समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) दासबोधाच्या चौदाव्या दशकातील तिसऱ्या समासात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार सांगितले आहेत. मनाला येईल ते धीटपणे, ‘बळेंचि’ रचलेले कवित्व धीट होय. पुष्कळ ग्रंथ पाहून, पाठांतर करून त्यांच्यासारखा उतार केलेले ते पाठ. आणि वैभव, कांता, कांचन ज्याला वमनासारखे वाटते व ज्याच्या अंतरी सर्वोत्तमाचे ध्यान लागले आहे, त्याच्या मुखातून येणारे ते प्रासादिक. ही तिन्ही नावे कवित्व कुठून आले यावरून पडली आहेत: एक स्वतःच्या धिटाईतून, दुसरे इतरांच्या ग्रंथांतून, तिसरे ईश्वराच्या प्रसादातून. वाचणाऱ्याला ते सोपे वाटते की कठीण, हा प्रश्न या वर्गीकरणात येतच नाही.

यावर कोणी म्हणेल, की याच समासात ‘कवित्व असावें निर्मळ, कवित्व असावें सरळ, कवित्व असावें प्रांजळ अन्वयाचें’ अशीही अपेक्षा आहे. ती आहेच, पण ती चांगल्या कवित्वाची लक्षणे सांगताना वेगळी येते. तिथे समर्थ ‘प्रासादिक’ची व्याख्या करीत नाहीत.

आजचा अर्थ आला तो संस्कृत काव्यशास्त्रातील माधुर्य, ओज आणि प्रसाद या गुणत्रयीतून. वाळक्या सरपणात अग्नी पसरावा तसा जो गुण चित्त एकदम व्यापतो तो प्रसाद, असे ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता मम्मट सांगतो. दोन्ही अर्थांचे मूळ ‘प्र + सद्’ हेच आहे: पाणी निवळते तोही प्रसाद, आणि प्रसन्न झालेली देवता जे देते तोही प्रसाद. (‘प्रसाद’ला ‘इक’ प्रत्यय लागताना आद्यस्वराची वृद्धी होते, म्हणजे पहिल्या ‘अ’चा ‘आ’ होतो; त्यामुळे ‘प्रसादिक’ हे रूप अशुद्ध आहे.)

समर्थांच्याच शतकात शाहजहानच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधर’ या काव्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात, कवित्व येते कोठून हा प्रश्न शास्त्राच्या भाषेत हाताळला. मम्मटाने शक्ती (उपजत प्रतिभा), निपुणता (शास्त्र व व्यवहार यांची जाण) आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण मानले होते. जगन्नाथ म्हणतो, काव्याचे कारण केवळ प्रतिभा. मग ती प्रतिभा येते कोठून? क्वचित देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादाने उपजलेल्या अदृष्टातून (डोळ्यांना न दिसणाऱ्या पुण्यातून), आणि क्वचित विलक्षण व्युत्पत्ती (म्हणजे व्यासंगाने आलेले ज्ञान) व अभ्यास यांतून. बालकाच्या ठिकाणी अभ्यासाशिवाय प्रतिभा दिसते, तर दीर्घकाळ काव्य न जमलेल्या माणसाला व्युत्पत्ती व अभ्यास साधल्यावर ती प्राप्त झालेलीही दिसते, असा त्याचा युक्तिवाद आहे. मला ही भूमिका अधिक उदार वाटते. समर्थांच्या वर्गीकरणात ग्रंथांतून आलेले कवित्व ‘पाठ’ म्हणून खालच्या पायरीवर राहते. जगन्नाथ मात्र प्रसाद आणि परिश्रम या दोन्ही वाटा खऱ्या मानतो, आणि दोन्ही एकाच प्रतिभेपर्यंत पोचतात असे सांगतो.

तुकोबांनी (निधन १६५०) आपल्या वाणीविषयी ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत’ असे म्हटले आणि साळुंकीचा दाखला देत ‘शिकविता धणी वेगळाची’ असे सांगितले, तेही समर्थांच्या अर्थाने प्रासादिकाचेच वर्णन आहे. इथले ‘बळें’ आणि धीट कवित्वातले ‘बळेंचि’ शेजारी ठेवून पाहावेत.

म्हणून माझी सूचना अशी, की संतकवितेविषयी लिहिताना ‘प्रासादिक’ हा शब्द उगमाच्या अर्थानेच वापरावा, आणि शैलीविषयी बोलायचे असेल तर ‘प्रसन्न’ किंवा ‘प्रसादगुणयुक्त’ म्हणावे. तुकोबांचे काही अभंग अर्थाला बरेच अवघड आहेत; ते प्रसादगुणयुक्त म्हणता येणार नाहीत, पण प्रासादिक नक्कीच म्हणता येतील.