मदत हवी आहे: सूचनापेटी रिकामी, पण सुधारणा गुपचूप चालू

भोसरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन बघतो. दोन शिफ्ट, ८५ माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी. वर्षभर कायझेन (कामगारांच्याच सूचनांतून सतत छोट्या सुधारणा) रुजवायचा प्रयत्न करतोय. पहिल्या महिन्यात पेटीत ४१ चिठ्ठ्या आल्या, गेल्या महिन्यात दोन.

सूचनेमागे २०० रुपये बक्षीस, फाइव्ह एसचं (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचं) प्रशिक्षण, शिफ्टच्या सुरुवातीला १० मिनिटांची मीटिंग, सगळं करून झालं. फॉर्म मराठी-हिंदीत आहे, लिहायचा कंटाळा असेल तर सुपरवायझर लिहून देतो. आमची चूकही झाली: पहिल्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच मेंटेनन्सकडे तीन-तीन महिने पडून राहिल्या. आता मात्र आठवड्यात उत्तर देतोच, नकार असला तरी कारणासकट.

पण खरी अडचण वेगळी वाटते. एका ऑपरेटरने जुन्या पत्र्याची उतरती ट्रे करून लेथला (धातू कातायच्या मशीनला) लावली. जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, घसरत हाताशी येतो, वाकावं लागत नाही. कोणालाच बोलला नाही. विचारलं तर म्हणाला, "साहेब, सांगितलं की टार्गेट वाढणार." खोटं नाही, पूर्वी तसं झालंय. टोयोटात १९५१ पासून सूचना योजना चालते, पण तिथला भरवसा आमच्याकडे आणायचा कसा?

टार्गेट ठरवणं माझ्या हातात नाही, महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च करणं मात्र आहे. सुधारणेमुळे टार्गेट ठरावीक काळ वाढणार नाही, असं मॅनेजमेंटकडून कोणी लेखी घेतलंय का? किती महिन्यांसाठी, आणि कंत्राटी कामगारांनाही लागू केलंत का?