एसवायला (बीकॉमचं दुसरं वर्ष) आहे, जानेवारीत सीए इंटर द्यायचीये, रेग्युलर बीकॉम सोडून एक्सटर्नल (रोज कॉलेजला न जाता) करू का?

लातूरची_लेक:
नमस्कार सगळ्यांना. मी मूळची लातूर जिल्ह्यातली, बारावीनंतर पुण्यात आले, आत्ता एसवायबीकॉम चालू झालंय. सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, पहिल्याच अटेम्प्टला निघाली, ४०० पैकी २४७. त्यापुढच्या इंटरचे दोन्ही ग्रुप (तीन-तीन पेपरचे) जानेवारीत द्यायचं ठरवलंय पण दिवसाचं गणितच बसत नाहीये. सकाळी ७ ते ११ क्लास, मग डबा खाऊन कॉलेज, तिथून अभ्यासिकेत पोचेपर्यंत पाच वाजतात आणि कॉस्टिंगचे दोन प्रश्न सोडवले की डोळे मिटायला लागतात. परवा प्रोसेस कॉस्टिंगचा एकच प्रश्न तीनदा केला, तिन्ही वेळा ॲबनॉर्मल लॉसमध्येच चुकले, नंतर वहीवर डोकं ठेवून झोपलेच. त्यात कॉलेजमध्ये ७५ टक्के अटेंडन्स, इंटर्नल्स, नवीन शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्टपण आहे. क्लासमधले अर्धे जण म्हणतात कॉलेज सोड, एक्सटर्नल कर. पप्पा म्हणतात डिग्री रेग्युलरच पाहिजे, उद्या सीए नाही झालं तर हातात काय. आणि दुसरं, एक ग्रुप देऊ की दोन्ही? प्लीज ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

आर्टिकल_दुसरं_वर्ष:
मी दोन वर्षांपूर्वी अगदी याच जागी होतो. आधी ग्रुपचं सांगतो. तयारी जवळपास असेल तर दोन्ही दे. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात हे तुला माहितीये, पण दोन्ही एकत्र दिले आणि कुठल्याच पेपरला ४० च्या खाली नाही गेलीस तर ६०० पैकी ३०० वर दोन्ही ग्रुप निघतात. माझे पहिल्या ग्रुपला १४६ आले होते, ॲडव्हान्स्ड अकाउंट्सने घात केला, पण दुसऱ्याला १६१ होते म्हणून ३०७ वर दोन्ही सुटले. माझ्या रूममेटने पहिला ग्रुप एकटाच दिला, त्याचे १४८. दोन मार्कांसाठी पुढच्या अटेम्प्टला तिन्ही पेपर परत, कारण कुठल्याच पेपरला ६० नव्हते, एक्झम्प्शन (तो पेपर परत न देण्याची सूट) मिळालं नाही. मार्कलिस्ट बघून तो रात्रभर गॅलरीत बसला होता. अर्थात डिसेंबरला वाटलं की दुसऱ्या ग्रुपचं एकदाही वाचून झालं नाहीये तर ओढाताण नको करू, आता इंटर वर्षातून तीनदा असते, जानेवारी, मे, सप्टेंबर.

कॉलेजचं म्हणशील तर मी रेग्युलरच ठेवलं पण एक चूक केली, कुणाला काही न सांगता दांड्या मारल्या. चौथ्या सेमला नाव डिटेन्शन लिस्टमध्ये (हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत) लागलं, फॉर्म अडकला, वडिलांना गावाहून यावं लागलं. तू आत्ताच क्लास टीचरना जाऊन भेट, इंटरचं रजिस्ट्रेशन लेटर दाखव, कुठल्या लेक्चरला बसणं भागच आहे ते विचारून घे. सगळे मदत करतील असं नाही पण आधी सांगितलेलं आणि नंतर पकडलं गेलेलं यात खूप फरक पडतो.

गोदाकाठ_नाशिक:
मी एक्सटर्नल केलं, मुक्त विद्यापीठातून, त्यामुळे दुसरी बाजू पण ऐक ताई. डिग्री यूजीसी मान्य आहे, आजवर कुठल्या इंटरव्ह्यूला कुणी अडवलं नाही. पण एक्सटर्नल केलं की वेळ आपोआप मिळतो हे खरं नाही. पहिले दोन महिने मी दुपारी झोपायचे चक्क, कारण कुठे जायचंच नसायचं, आणि मैत्रिणी पण सुटल्या. ज्याला घरात एकट्याने आठ तास बसता येतं त्यानेच करावं. अजून एक, सोडायचंच असेल तर वर्षाच्या मधे नको, एसवाय पूर्ण कर, क्रेडिट ट्रान्सफरचं दोन्हीकडे लेखी विचार, तोंडी सांगण्यावर जाऊ नको, माझं त्यात एक सेमिस्टर वाया गेलं.

ताळेबंद:
मी सीए आहे, २०११ पासून प्रॅक्टिसमध्ये, ऑफिसला दरवर्षी चार-पाच आर्टिकल्स (ट्रेनिंगला आलेली सीएची मुलं) असतात. बाळा, वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय पण खरी ओढाताण एसवायला नाही, टीवायला (तिसऱ्या वर्षाला) होणार आहे त्याबद्दल कुणी बोललं नाही. जानेवारीत इंटर निघाली तर मार्चमध्ये रिझल्ट, मग ओरिएंटेशन आणि आयटी ट्रेनिंग मिळून साधारण महिना, की लगेच आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातलं ट्रेनिंग. आमच्या वेळी साडेतीन वर्षं होती, २०२३ च्या नवीन स्कीमपासून २ वर्षं झाली, त्यामुळे वेळ कमी आणि ऑफिसची अपेक्षा तेवढीच. आणि कॉलेज चालू असेल तर फॉर्म ११२ भरून सीए इन्स्टिट्यूटची परवानगी घ्यावी लागते, त्यात कॉलेजच्या वेळा लिहून कॉलेजची सही-शिक्का लागतो, ऑफिसच्या वेळेशी त्या आदळून चालत नाहीत. दुपारचं कॉलेज असेल तर तो फॉर्म भरणार कसा? म्हणून टीवायला सकाळची बॅच मिळते का ते याच वर्षी बघून ठेव. नाहीच मिळाली तर मग टीवाय एक्सटर्नल करण्यात अर्थ आहे, आत्ता नाही.

पप्पांचं म्हणणं जुनाट समजू नकोस. फाउंडेशनच्या वाटेने आलेल्याला सीए व्हायला डिग्रीची अट नाही हे खरं, पण बँकेच्या परीक्षा, एमपीएससी, एमबीए, सगळीकडे पदवी लागते. माझ्याकडे एक मुलगा होता, अतिशय हुशार, जीएसटीचं टू-बी मॅचिंग (खरेदीची बिलं पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवणं) असं करायचा की क्लायंट त्याचंच नाव घेऊन फोन करायचे. टीवायचे दोन विषय राहिले ते राहिलेच, सीए फायनलला तीनदा अडकला, घरची परिस्थिती अशी की नोकरी हवीच होती आणि जाहिरातीत पहिलीच ओळ पदवीधर. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण मी बॉस म्हणून त्याला परीक्षेची रजा दिली पण परीक्षा दिलीस का हे कधी विचारलं नाही.

ऑफिस निवडताना पण हे विचारायचं, स्टायपेंड किती याच्या आधी विचारायचं, की कॉलेजच्या परीक्षेला सोडता का.

लातूरची_लेक:
खूप खूप आभार सगळ्यांचे, सर तुमचं वाचून पप्पांना फोन केला. फॉर्म ११२ बद्दल क्लासमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या क्लास टीचरना भेटते, लेटरची प्रिंट काढून ठेवलीये. आमच्याच कॉलेजला टीवायची सकाळची तुकडी आहे म्हणे, ६.५० ला पहिलं लेक्चर, ते पण विचारते. दादा, तुमच्याकडे ॲडव्हान्स्ड अकाउंट्सच्या अमाल्गमेशनच्या नोट्स असतील तर पाठवाल का?

आर्टिकल_दुसरं_वर्ष:
मेसेज कर, रविवारी स्कॅन करून पाठवतो. आणि तो प्रोसेस कॉस्टिंगचा प्रश्न आधी नॉर्मल लॉसची युनिट्स वेगळी काढून मग कर, स्क्रॅप व्हॅल्यू वजा करायची राहतीये बहुतेक तुझी.