फाऊल स्मेल आणि फाऊल प्ले, मराठीत काय लिहायचं?

नवखी_डेस्कवर:
नमस्कार मंडळी, एका न्यूज पोर्टलसाठी एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत करते, नवीनच लागलेय. आज एक बातमी आली, बंद फ्लॅटमधून फाऊल स्मेल येतोय म्हणून शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला, दार तोडलं तर एकटे राहणारे आजोबा आत मरून पडलेले, आणि शेवटच्या ओळीत पोलीस म्हणतात फाऊल प्ले वाटत नाही. पहिल्याला दुर्गंधी लिहून मोकळी झाले, दुसऱ्याला डिक्शनरीत कपट, दगाबाजी असलं काहीतरी मिळालं. 'पोलिसांना कपट वाटत नाही' असं कोण लिहितं? मुळात फाऊल या शब्दाचा अर्थ घाण, वाईट की नियमाबाहेरचं? आणि पुट्रिड, रॅन्सिड हेही फाऊलच ना?

तारीख_पे_तारीख:
घातपात लिहा ताई. 'घातपाताचा संशय नाही', मराठी पेपरवाले वर्षानुवर्षं हेच लिहितात. फक्त रेल्वेच्या बातमीत जपून, तिथे घातपात म्हणजे कोणीतरी मुद्दाम रूळ उखडला असा अर्थ वाचक घेतो. आणि पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असेल तर तेही टाका, आपल्याकडे वाचक तीच ओळ शोधतो.
बाकी कायद्यातला फाऊल अजून वेगळा. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 277, आता न्याय संहितेत 279, सार्वजनिक झरा किंवा तलावाचं पाणी फाऊल करणं. तिथे वास यायलाच पाहिजे असं काही नाही, नेहमीच्या वापरासाठी पाणी आधीपेक्षा कमी योग्य झालं की बास. म्हणजे तिथे 'दूषित' करणं, दुर्गंधी नाही.

शब्दखवय्या:
रॅन्सिड फक्त तेलातुपाच्या वस्तूंना, आपलं खवट. खवट खोबरं, खवट शेंगदाणे, दिवाळीचा चिवडा डिसेंबरात काढला की जे होतं ते. मासळीला किंवा गटाराला रॅन्सिड म्हणू नका. पुट्रिड म्हणजे मांस वगैरे सडून कुजून येतो तो प्रकार, तुमच्या बातमीत खरं तर तो बसतो पण माणसाच्या बाबतीत बातमीत कोणी लिहीत नाही, बरं दिसत नाही म्हणून फाऊल. फाऊल सगळ्यांना पुरतो कारण तो कशाचा वास ते सांगतच नाही, नुसतं नाक मुरडतो.
आता मजेची गोष्ट. आपला जखमेतला पू, संस्कृतातला पूय आणि पूति (पूति म्हणजे सडकं, घाण वासाचं), लॅटिनवरून आलेला पुट्रिड आणि हा फाऊल, सगळे एकाच जुन्या मुळाचे. तिकडे इंग्रजी, जर्मन वगैरे जर्मानिक भाषांमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा प जाऊन फ झाला, पितृचं फादर झालं तसंच. म्हणजे मूळ अर्थ सडणं, मग घाण, मग मनाने घाण, मग खेळातली लबाडी. कॅरमवर स्ट्रायकर खिशात गेला की आपण फाऊल ओरडतो त्याचा सडण्याशी काहीएक संबंध उरलेला नाही :)

गलबतवाला:
आमच्या लाइनमध्ये फाऊलिंग म्हणजे जहाजाच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटणं. बूड खरबरीत झालं की स्पीड पडतो, इंधन जास्त जातं, म्हणून अँटीफाऊलिंग पेंट मारतात. आधी त्यात टिनचं विषारी संयुग असायचं, शिंपल्यांसोबत बाकी समुद्री जीवांचीही वाट लागायची, त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला, लागू झाला 2008 ला. आणि नांगराला दोर नाहीतर साखळी गुंडाळली गेली की तो फाऊल अँकर, ब्रिटिश नौदलाचा कारभार बघणाऱ्या ॲडमिरल्टीच्या झेंड्यावर तोच, आता बोला! खलाशाला जो नांगर नको तोच झेंड्यावर.

शब्दखवय्या:
@गलबतवाला भारीच राव, हे माहीत नव्हतं.

नवखी_डेस्कवर:
सगळ्यांना धन्यवाद, घातपात टाकलं. अजून एक, फाऊल मूड, फाऊल वेदर आणि फाऊल लँग्वेजला काय? तिन्हीला 'वाईट' लिहिलं की सर लाल करून परत पाठवतात.

तारीख_पे_तारीख:
लँग्वेजला शिवीगाळ किंवा शिवराळ भाषा. तक्रारीत 'अश्लील शिवीगाळ' सर्रास येतं पण शिवी अश्लील असेल तरच ते लिहा, नाहीतर उगाच आरोप वाढतो.

शब्दखवय्या:
वेदर म्हणजे नुसतं ढगाळ नव्हे, वारा पाऊस दोन्ही झोडपतायत असं, 'खराब हवामान' चालेल, मच्छीमारांच्या बातमीत 'समुद्र खवळलेला' जास्त बरं. मूडला माणूस बघून लिहा. मंत्री असेल तर 'संतापलेले', घरचा कोणी असेल तर 'डोकं फिरलंय'. आणि स्पेलिंगमध्ये डब्ल्यू असलेला फाऊल आला तर ती कोंबडी, उच्चार सेमच आहे, बर्ड फ्लूच्या बातम्यांत हमखास येईल.