फिक्स केलेल्या उंदराच्या मेंदूत एडीसी निम्म्याहून खाली का येतोय?

नवखा_संशोधक: नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष, ९.४ टेस्लावर उंदरांचे डिफ्युजन एमआरआय (ऊतीतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारा एमआरआय) करतोय. मॉडेल स्ट्रोकचं आहे. जिवंत उंदराच्या चांगल्या बाजूला, बी-व्हॅल्यू (हालचालीमुळे सिग्नल किती घटवायचा ते ठरवणारी सेटिंग) १००० ठेवून, एडीसी (पाणी किती मोकळेपणी हलतं त्याचं माप) ०.७ च्या आसपास आला (×१०⁻³ मिमी²/सेकंद), मग तोच मेंदू फॉर्मॅलिनमध्ये फिक्स करून (म्हणजे ऊती कुजू नये म्हणून रसायनाने पक्की करून) रात्रभर तोच प्रोटोकॉल लावला तर सरळ ०.३, आणि एफए मॅप (पाण्याची हालचाल किती एका दिशेने होते त्याचा नकाशा) नुसता दाणेदार. मेंदू खराब केला का मी? उंदराचा जीव गेलाय, डेटा वाया जाऊ नये एवढंच वाटतं.

स्कॅनरूम: मेंदू ठीक आहे रे. आधी तापमान बघ, साधं पाणी ३७ अंशाला ३.० च्या आसपास आणि २० अंशाला २.०, म्हणजे खोलीच्या तापमानालाच एक तृतीयांश गेलं. वर फिक्सेशन, आणि मेल्यावर पेशी फुगतात तेही आहेच. आता हिशोब कर, ०.७ ला बी १००० वर सिग्नल निम्मा होतो, ०.३ ला जेमतेम पाव भाग पडतो, मग नॉइजमधून दिशा कशी कळणार? बी ३०००-४००० पर्यंत ने.

पेशीजाल: आणि पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) धुतलास का? फॉर्मॅलिन आत राहिलं की टी२ (सिग्नल विरायला लागणारा वेळ) घटतो, सिग्नल टीईपर्यंत (तो मोजला जातो त्या क्षणापर्यंत) टिकतच नाही. काही दिवस भिजव, पीबीएस बदलत राहा, मग फोम्ब्लिनमध्ये (फ्लोरीनयुक्त तेलात) बुडवून स्कॅन कर, त्यात हायड्रोजन नसतो म्हणून बाजूला काळं येतं, फक्त बुडबुडे काढ नीट. रात्रभराच्या स्कॅनमध्ये ग्रेडियंटमुळे सॅम्पल तापतं, एडीसी हळूहळू चढतो, तेव्हा बी-झिरो (बी-व्हॅल्यू शून्य ठेवलेली चित्रं) मधे मधे पेरून घे.

नवखा_संशोधक: धुतलं नव्हतं 😞 पण मग पहिल्या दोन तासांतला स्ट्रोकचा डाग फिक्स मेंदूत मोजता येईल ना?

स्कॅनरूम: नाही, आणि हे कळकळीने सांगतो. १९९० मध्ये मोझली यांच्या गटाने मांजरांवर दाखवलं, रक्तवाहिनी बंद केल्यावर तासाभराच्या आत डिफ्युजनमध्ये डाग दिसला, टी२ वर अजून काही नव्हतं. तिथे ऊर्जा संपून पेशी फुगतात आणि एडीसी पडतो, शेजारी चांगला भाग असतो म्हणून तो डाग उठून दिसतो. प्राणी मेला की सगळ्याच मेंदूत तसंच होतं, फरक राहणार कुठून. तो डाग जिवंतपणीच मोजायचा, फिक्स मेंदू तंतूंची रचना बघायला ठेव, आणि तुलना फक्त तशाच फिक्स केलेल्या कंट्रोलशी.

नवखा_संशोधक: समजलं. जिवंत स्कॅनचा डेटा आहे, डाग त्यातूनच मोजतो. मेंदू आजच पीबीएसमध्ये टाकतोय.