येझदी द्यावी आणि शंभर सीसी घ्यावी का? मत सांगा

खानापूरवाला
गाडी येझदी, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, १९९० चं मॉडेल, केए-२२ पासिंग, कागदपत्रं चालू. कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांकडून घेतली, तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. खानापूर ते बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत रोज हिच्यावरच जातो, येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. लिटरला अठ्ठावीस देते, तेही तिची मर्जी असेल तर. पेट्रोलमध्ये घालायचं टू-टी ऑइल वेगळं.
आता बायकोची बदली जांबोटीकडच्या शाळेत झालीय, थोरली बेळगावला कॉलेजला जाणार, आणि दोघींपैकी एकीलाही ही गाडी झेपत नाही. शोरूमवाला नव्या शंभर सीसी मोटारसायकलवर एक्स्चेंजमध्ये येझदीचे बारा हजार धरतो. मडगावचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन सत्तर हजार द्यायला तयार आहे. घरचे म्हणतात देऊन टाक. माझा पाय निघत नाही. भावनेचं सांगू नका, ती माझ्याकडे भरपूर आहे. व्यवहाराचं बोला.

हिशेबी निपाणीकर
व्यवहाराचंच बोलतो. पेट्रोल शंभराच्या वर आहे. पन्नास किलोमीटरला येझदी पावणेदोन लिटर पिणार, म्हणजे ऑइल धरून दोनशेच्या घरात. शंभर सीसी साठच्या सरासरीने गेली तरी नव्वदच्या आत. महिन्याचे पंचवीस दिवस धरा, अडीच हजारांहून जास्त वाचतात. तीन वर्षांचं कर्ज काढलंत तर हप्ता जवळपास तेवढाच बसतो. म्हणजे नवी गाडी तुम्हाला पेट्रोलच्या पैशातच पडते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. एवढं सरळ गणित असताना अडलंय कुठं?

लेथवाला उद्यमबाग
निपाणीकर, तुमचं गणित बरोबर हाय, पण गाडी गणितावर चालत न्हाई ओ. खानापूरवाले, मी सांगतो, इकू नका. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला तरी आज येझद्या रस्त्यावर कशा दिसतात? आपल्यासारख्या गावांमुळं. बेळगावात फाउंड्री हाय, लेथ हाय, ग्राइंडिंग हाय. बुश पायजे, पिन पायजे, नमुना आणून द्या, संध्याकाळी घेऊन जावा. सिलिंडरला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकला की इंजिन परत कोरं. नव्या गाडीचा सेन्सर गेला तर तो लेथवर करून देऊ का मी?

घाटवाट
लेथवाले मामा, इंजिन कोरं होईल, ब्रेकचं काय? पुढं-मागं ड्रम. खानापूर पट्ट्यात जूनपासून जो पाऊस लागतो त्यात ड्रमला पाणी गेलं की पहिल्या दाबाला गाडी ऐकत नाही. आणि खानापूर रस्त्यावरून गोव्याच्या गाड्या कशा अंगावर येतात ते सगळ्यांना माहीत आहे. आजच्या शंभर सीसीलाही ड्रमच असतो म्हणाल, पण १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून कॉम्बी ब्रेक सक्तीचा आहे. मागचा दाबला की पुढचाही लागतो. घाबरून एकच ब्रेक दाबणाऱ्याला त्याचा फार आधार असतो.
दुसरं म्हणजे गोव्याकडचा चोर्ला घाट. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरवर सोडली की पेट्रोल कमी, म्हणून ऑइलही कमी, आणि इंजिन मात्र फिरतंय. पिस्टन जाम होतो तो असा. जुने लोक उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर मारायचे ते स्टाइल म्हणून नाही.

खानापूरवाला
घाटवाट, चोर्ल्याला मी वर्षातून कधीतरी जातो. माझा रोजचा रस्ता सपाट.

अनगोळची ताई
इतका वेळ वाचतेय. सगळे इंजिनावर बोलताहेत. दादा, तुम्हीच लिहिलंय की बायको आणि मुलगी, दोघींनाही गाडी झेपत नाही. त्यावर एकाचंही उत्तर नाही!
येझदी चालू कशी होते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माहेरी होती. डाव्या बाजूला एकच दांडा. तोच गिअर, तोच किक. आत दाबायचा, वर फिरवायचा, मग पाय मारायचा, चालू झाली की परत खाली आणायचा. गाडी जड, ओल्या मातीत स्टँडवर चढवताना आईचं कंबरडं मोडायचं. बाबांना मात्र गल्लीत कुणी 'काय आवाज आहे' म्हटलं की दिवस सार्थकी लागायचा. जांबोटीच्या रस्त्यावर शाळा सुटल्यावर वहिनी बसची वाट बघत उभ्या राहणार आणि तुम्ही इथे विचारणार, गाडी द्यावी का?

लेथवाला उद्यमबाग
ताई, मग वहिनींना स्कूटर घ्या की. येझदीचा ह्यात काय गुन्हा?

अनगोळची ताई
गुन्हा येझदीचा नाही. पण घरात वाहनासाठी पैसा एकदाच निघणार आहे. तो आधी कुणासाठी निघावा, एवढंच विचारते.

चंदगड बॉर्डर
एक आयडिया देतो. आमच्याकडे महाराष्ट्रात पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ पासिंग करून घ्या, कर्नाटकातल्या रोड टॅक्सपेक्षा स्वस्त पडेल. निम्मं बेळगाव तेच करतं.

कॅम्प एरिया
निम्मं बेळगाव दंडही भरतं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. रोज उद्यमबागेला जाणारी गाडी किती दिवस पाहुण्यांची म्हणून सांगणार?
खानापूरवाले, मडगावच्या गिऱ्हाइकाबद्दल एक सांगतो, मग द्या किंवा ठेवा. गोव्यात जाणार म्हणजे बेळगाव आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, काढूनच द्या. कोऱ्या टीटीओवर (मालकी बदलाच्या फॉर्मवर) सह्या करून चावी हातात देऊ नका. नावावर गाडी तुमची आणि अपघात तिकडे, तर भरपाईची नोटीस खानापूरला येते. नोंदलेला मालकच जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. सत्तर हजाराच्या आनंदात लोक हेच विसरतात.

हिशेबी निपाणीकर
बरं, ठेवायची म्हटलं तरी खर्च बघा. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसी (नोंदणी) रिन्यू, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला फीच दोन हजार. इन्शुरन्स वेगळा. शिवाय ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी टाकीच्या तळाला बसतं, टाकी आतून गंजते, कार्ब्युरेटरची जुनी रबरं फुगतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेजही उतरतो. खानापूरच्या दमट हवेत गाडी चार महिने उभी ठेवलीत तर मग बघाच.

लेथवाला उद्यमबाग
ऊस आपण लावायचा, डिस्टिलरी आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यात, आणि ते इथेनॉल आपल्याच गाडीची रबरं खाणार. घ्या! पण ह्यावर उपाय हाय. पावसाळ्यात उभी ठेवायची तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करायचा. टाकीत शिळं पेट्रोल ठेवायचं न्हाई. रबरं नव्या मालाची मिळतात, बदलून टाका. दहा मिनिटांचं काम.

घाटवाट
दहा मिनिटांचं काम मामांना. आमच्यासारख्यांना मिस्त्री लागतो. खानापूरवाले, एकच विचारतो, तुमची गाडी कोण बघतं? त्याचं वय काय?

खानापूरवाला
शहापुरातले एक चाचा. साठी कधीच ओलांडली. दोन्ही पोरं मोबाइलच्या धंद्यात. इग्निशनच्या पॉइंटमध्ये किती गॅप ठेवायची ते चाचा गेज लावून बघत नाहीत, सिगारेटच्या पाकिटातला कागद सरकवून बघतात. दुसऱ्या कुणाकडे नेली की गाडी धूर सोडते.

घाटवाट
मग रोजची गाडी म्हणून ती आजच गेलीय असं धरा. तुम्ही आठ तासांच्या ड्युटीसाठी ज्या गाडीवर बसता ती एका म्हाताऱ्या माणसाच्या कानांवर चालते. चाचा आठवडाभर आजारी पडले तर रजा टाकणार?

लेथवाला उद्यमबाग
हे मात्र खरं. रोजची नको. मी पण रोज शंभर सीसीवरच येतो, आता इचारलंच तर.

हिशेबी निपाणीकर
मामा!! एवढं भांडलात कशाला मग?

लेथवाला उद्यमबाग
इकू नका म्हणालो. रोज चालवा कुठं म्हणालो?

टिळकवाडी तिसरं गेट
नवी येझदी घ्या ना. २०२२ पासून परत येतेय. नावही राहील, सेल्फ स्टार्टही मिळेल.

खानापूरवाला
ती चांगली असेल, पण तिची किंमत शंभर सीसीच्या दुपटीच्या वर जाते, आणि बायकोला ती जडच पडणार. नको.
सगळ्यांचं वाचलं. ताईंचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या बाईंना जेवायला बोलवा. ठरलं असं की आधी बायकोला स्कूटर, ती माझ्या पैशातून. मी तूर्तास उद्यमबागेला कंपनीच्या बसने, बस खानापूर स्टँडवर थांबते. मुलगी पासवर ट्रेनने जाईल. शंभर सीसी पुढच्या वर्षी. एक्स्चेंजला नाही म्हणून सांगितलं, बारा हजाराला दोन सायलेन्सरसुद्धा देणार नाही. मडगाववाल्याला होळीपर्यंत थांबायला सांगितलंय. तोवर चाचांकडे एखादा पोरगा काम शिकायला तयार झाला तर गाडी राहील, नाहीतर एनओसी काढतो.

अनगोळची ताई
जेवायला येते. पण होळीपर्यंतची मुदत तुम्ही स्वतःलाच दिलीय, मडगाववाल्याला नाही.

हिशेबी निपाणीकर
आणि तोवर इन्शुरन्स चालूच. लिहून ठेवा.

लेथवाला उद्यमबाग
पोरगा मी बघतो, आमच्या शेजारच्या वर्कशॉपला एक आयटीआयचा हाय, हात चांगला हाय. चाचांना इचारून सांगा, रविवारी घेऊन येतो. आणि तरीबी इकलीच, तर तुमच्याकडं पिस्टन किट, क्लच प्लेटा काय जादा असतील त्या मडगावला देऊ नका. पहिला माझा नंबर.